डायडो अँड इनीअस (लघुमंचीय व भूमिगत सादरीकरण)

डायडो अँड इनीअस ही इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेल (इ.स. १६५९ – इ.स. १६९५) यांनी रचलेली तीन अंकी शोकान्त प्रणय-संगीतिका (ऑपेरा) आहे. तिची संहिता नेहम टेट यांनी लिहिली असून कथानक रोमन कवी व्हर्जिल यांच्या ‘एनीड’ या महाकाव्याच्या चौथ्या सर्गावर आधारलेले आहे. प्रयोगाचा कालावधी सुमारे एक तास, वाद्यवृंद केवळ तंतुवाद्ये व साथीच्या स्वरवाद्यांपुरता आणि पात्रसंख्या मर्यादित असल्यामुळे ही संगीतिका भव्य नाट्यगृहांइतकीच लहान सभागृहांत, उद्यानांतील तात्पुरत्या रंगमंचांवर, चर्चच्या तळघरांत आणि भूमिगत दफनदालनांतही सादर होत आली आहे. इ.स. २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथील ग्रीन-वुड दफनभूमीच्या भूमिगत दालनात झालेला प्रयोग हे या प्रकारच्या सादरीकरणाचे अलीकडील उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या संगीतिकेची रचना, तिचा लहान रंगस्थळांशी असलेला ऐतिहासिक संबंध आणि भूमिगत जागेत ती सादर करताना उद्भवणारे ध्वनिशास्त्रीय, सांगीतिक, व्यवस्थापकीय व नैतिक प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

कथानक

पहिला अंक कार्थेजच्या राजवाड्यात घडतो. विधवा राणी डायडो ही ट्रॉयच्या विनाशानंतर आश्रयास आलेल्या इनीअस या वीराच्या प्रेमात पडली आहे. परंतु हे प्रेम तिला आनंदाऐवजी अस्वस्थताच देते. तिची सखी बेलिंडा आणि दरबारी मंडळी तिला धीर देतात. इनीअस येऊन प्रेमाची याचना करतो आणि राणी ती मूकपणे स्वीकारते.

दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश चेटकिणीच्या गुहेत आहे. राणीचा व तिच्या राज्याचा नाश करण्याचा कट तेथे शिजतो. देवदूत मर्क्युरीचे रूप घेतलेला एक पिशाच्च-दूत इनीअसकडे पाठवावा आणि त्याला इटलीकडे निघून जाण्याची खोटी देवाज्ञा सांगावी, असे ठरते. दुसऱ्या प्रवेशात वनातील मृगया, अचानक उठलेले वादळ आणि त्या खोट्या दूताची भेट दाखवली आहे. इनीअस आज्ञा शिरोधार्य मानतो, मात्र राणीला काय सांगावे या विचाराने व्याकूळ होतो.

तिसऱ्या अंकात बंदरावर गलबते निघण्याच्या तयारीत आहेत. इनीअस निरोप घेण्यास येतो. राणीचा संताप पाहून तो देवाज्ञा मोडून राहण्याची तयारी दर्शवतो. परंतु सोडून जाण्याचा विचार एकदा ज्याच्या मनात आला त्याचे राहणे तिला नको असते. ती त्याला घालवून देते आणि बेलिंडाच्या आधाराने मृत्यूला सामोरी जाते. अखेरच्या समूहगीतात प्रेमदेवतांना तिच्या समाधीवर गुलाब उधळण्याची विनवणी केली जाते.

व्हर्जिलच्या काव्यात इनीअसला मिळालेली देवाज्ञा खरी आहे. टेट यांच्या संहितेत ती चेटकिणीचे कपट आहे. या एका बदलामुळे शोकान्तिकेचे स्वरूपच पालटते. रोमच्या स्थापनेसाठी दिलेला त्याग असे तिचे समर्थन उरत नाही. दोन माणसांमधील विश्वास निष्कारण तुटल्याची ती कथा ठरते. लहान जागेतील सादरीकरणाला ही संहिता अनुकूल ठरण्याचे हे एक कारण आहे. मूळ काव्यातील साम्राज्य, देवसभा व युद्धे रंगमंचावर आणण्याची येथे आवश्यकता नाही.

सांगीतिक रचना

उपलब्ध स्वरलिपीनुसार या संगीतिकेस चार भागांतील तंतुवाद्यांचा वृंद आणि ‘कंटिन्युओ’ म्हणजे हार्पसिकॉर्ड, ल्यूट, चेलो यांसारख्या वाद्यांची आधारसाथ पुरेशी होते. पितळी वाद्ये व नगारे यांचा समावेश नाही. काही नृत्यांसाठी गिटारवादनाची सूचना मूळ छापील संहितेत आढळते, पण त्याचे संगीत उपलब्ध नाही. समूहगायकांना दरबारी, चेटकिणी व खलाशी अशा निरनिराळ्या भूमिका कराव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक स्वरासाठी एक किंवा दोन गायक घेऊनही प्रयोग होऊ शकतो, तसेच एकाच गायिकेकडे दोन दुय्यम भूमिकाही सोपवता येतात.

पर्सेल यांनी ‘ग्राउंड बेस’ या तंत्राचा वापर तीन गीतांत केला आहे. या तंत्रात खर्जातील एक लहान स्वरावली अखंड पुनरावृत्त होते आणि तिच्यावर गायनाची स्वतंत्र रचना उभी राहते. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यांना तबल्याच्या स्वतंत्र वादनाखाली वाजणाऱ्या लेहऱ्यावरून या तत्त्वाची कल्पना येऊ शकते; मात्र लेहरा तालाचे आवर्तन दाखवतो, तर ग्राउंड बेस स्वरसंवादाचा, म्हणजे हार्मनीचा, पायाही असतो.

‘डायडोचा विलाप’ या नावाने प्रसिद्ध असलेले अखेरचे गीत या तंत्राचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्याचा खर्ज पाच मापांचा असून गीतात तो अकरा वेळा येतो. त्याची उतरती मांडणी तार षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत व पंचम अशी सर्व अर्धस्वर घेत होते. सतराव्या शतकातील युरोपीय संगीतात अशी उतरती चौथ (चार मुख्य स्वरांचे अंतर) शोकाची खूण मानली जात असे. गायनाची ओळ मात्र खर्जाच्या आवर्तनाशी एकाच ठिकाणी सुरू होत नाही व संपत नाही. ती आवर्तनाच्या सीमा ओलांडत राहते. खर्जाचे अटळ आवर्तन आणि त्यातून निसटू पाहणारा गळा यांच्या ताणातून गीताचा परिणाम साधला जातो. राणीचे शब्द थांबल्यावरही वाद्ये ते आवर्तन पुढे चालू ठेवतात.

हा परिणाम मोठ्या आवाजावर अवलंबून नाही. अत्यंत हळू स्वर, श्वासाचा विराम आणि खर्जाच्या तारांची घासट ऐकू येणे त्यासाठी आवश्यक असते. त्यामुळे श्रोता काही मीटरांच्या अंतरावर असेल अशा जागेत हे गीत वेगळ्या रीतीने पोहोचते, असे लघुमंचीय प्रयोगांचे समर्थक मानतात.

लहान रंगस्थळांची परंपरा

या संगीतिकेची रचना इ.स. १६८८ च्या जुलैपर्यंत पूर्ण झाली होती असे मानले जाते. काही अभ्यासक ती इ.स. १६८३ च्या सुमाराची असल्याचे प्रतिपादन करतात. तिचा सर्वांत जुना निश्चित प्रयोग लंडनजवळील चेल्सी येथील जोसायस प्रीस्ट या नृत्यशिक्षकाच्या मुलींच्या शाळेत इ.स. १६८९ पर्यंत झाला. त्यापूर्वी इ.स. १६८४ मध्ये याच शाळेत जॉन ब्लो यांची ‘व्हीनस अँड अडोनिस’ ही संगीतिका सादर झाली होती आणि पर्सेल यांच्या कृतीवर तिचा प्रभाव स्पष्ट आहे. म्हणजेच जे नाटक आज जगातील मोठ्या ऑपेरा-गृहांत होते, त्याचा पहिला ज्ञात प्रेक्षकवर्ग निमंत्रित व मर्यादित होता. ‘लघुमंचीय प्रयोग म्हणजे मूळ कृतीचा संकोच’ हा आक्षेप या संगीतिकेच्या बाबतीत पूर्णपणे लागू होत नाही, तो याच कारणाने.

पर्सेल यांच्या मृत्यूनंतर इ.स. १७०० मध्ये लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स नाट्यगृहात शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’च्या रूपांतरात या संगीतिकेचे भाग प्रवेशांच्या मध्ये सादर करण्यात आले. इ.स. १७०४ नंतर ती रंगभूमीवरून जवळजवळ नाहीशी झाली. पर्सेल यांच्या हस्ताक्षरातील स्वरलिपी उपलब्ध नाही. सर्वांत जुनी उपलब्ध हस्तलिखित प्रत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. प्रस्तावनेचे (प्रोलॉग) संगीत व दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या समूहगीताचे संगीत हरवलेले आहे. त्यामुळे प्रत्येक दिग्दर्शकाला दुसऱ्या अंकाचा शेवट कसा करावा याचा निर्णय घ्यावा लागतो. बेंजामिन ब्रिटन यांनी इमोजेन होल्स्ट यांच्यासह तयार केलेल्या इ.स. १९५१ च्या आवृत्तीत ही जागा पर्सेल यांच्याच इतर रचनांनी भरून काढली.

पर्सेल यांच्या मृत्यूच्या द्विशताब्दीनिमित्त इ.स. १८९५ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या विद्यार्थ्यांनी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात प्रयोग करून या कृतीचे पुनरुज्जीवन केले.

विसाव्या शतकातील सर्वांत उल्लेखनीय लघुमंचीय प्रयोग इ.स. १९५१ मध्ये झाला. अभिनेते बर्नार्ड माइल्स यांनी लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातील आपल्या घराच्या आवारात ‘मर्मेड’ नावाचे छोटे नाट्यगृह उभारले होते. वॅग्नरच्या संगीतिकांतील प्रचंड आवाजासाठी जगविख्यात असलेल्या नॉर्वेच्या गायिका कर्स्टन फ्लॅगस्टॅड यांनी तेथे डायडोची भूमिका केली. बेलिंडाची भूमिका मॅगी टेट यांनी केली. फ्लॅगस्टॅड यांनी मानधनाऐवजी स्टाउट बिअर घेण्याचा विनोदी करार केल्याची नोंद आहे. मोठ्या वाद्यवृंदावर मात करण्यासाठी घडवलेला आवाज लहान जागेत आवरून वापरणे हे गायनकौशल्याचे वेगळे अंग आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

याउलट काही दिग्दर्शकांनी ही संगीतिका मोठ्या मंचावर नव्या रूपात मांडली. नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस यांनी इ.स. १९८९ मध्ये ब्रसेल्स येथे तिचे नृत्यरूप सादर केले व डायडो आणि चेटकीण या दोन्ही भूमिका स्वतः नाचल्या. साशा वॉल्ट्झ यांच्या इ.स. २००५ च्या सादरीकरणात रंगमंचावरील पाण्याच्या मोठ्या टाकीत नर्तक पोहताना दिसतात.

ग्रीन-वुड दफनभूमीतील प्रयोग

ग्रीन-वुड ही ब्रुकलिनमधील दफनभूमी इ.स. १८३८ मध्ये स्थापन झाली. तिचे क्षेत्रफळ ४७८ एकर आहे. संगीतकार लुई मोरो गॉटशाल्क व लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या समाध्या येथे आहेत. दफनभूमीतील एका टेकडीच्या पोटात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूमिगत दफनदालन (कॅटाकोम) बांधण्यात आले. ते एका लांबट, अरुंद व कमानदार छताच्या मार्गिकेच्या स्वरूपात असून तिच्या दोन्ही बाजूंना कौटुंबिक दफनकक्षांची दारे आहेत. छतातील झरोक्यांतून मर्यादित प्रकाश येतो. एरवी हे दालन सर्वसामान्यांसाठी बंद असते.

अँड्र्यू औस्ली यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील चर्च ऑफ द इंटरसेशन या चर्चच्या तळघरात ‘द क्रिप्ट सेशन्स’ ही मैफलींची मालिका सुरू केली होती. तिच्या पाठोपाठ इ.स. २०१८ मध्ये ग्रीन-वुड येथे ‘द एंजल्स शेअर’ ही मालिका सुरू झाली. व्हिस्की पिंपात मुरत असताना तिचा जो अंश बाष्परूपाने उडून जातो, त्याला मद्यनिर्मितीच्या व्यवसायात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. मालिकेचे नाव त्यावरून आले आहे. प्रयोगापूर्वी टेकडीवर प्रेक्षकांसाठी पेयपानाचा कार्यक्रम आणि त्यानंतर दालनात प्रवेश, असा या मालिकेचा क्रम असतो. मालिकेचा आरंभ डेव्हिड हर्ट्झबर्ग यांच्या ‘द रोझ एल्फ’ या नव्या संगीतिकेने झाला. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या एका परीकथेवर आधारलेल्या या कृतीतही प्रियकराचा खून व प्रेयसीचा शोक हाच विषय आहे.

इ.स. २०१९ मध्ये याच दालनात ‘डायडो अँड इनीअस’ सादर झाली. दिग्दर्शन ॲलेक श्रेडर यांचे होते व डायडोची भूमिका मेझो-सोप्रानो डॅनिएला मॅक यांनी केली. विलापाच्या शब्दांत राणी आपल्या भूमीत निजवले जाण्याचा उल्लेख करते आणि अखेरच्या समूहगीतात समाधीचा निर्देश येतो. प्रत्यक्ष दफनकक्षांच्या सान्निध्यात या दोन्ही स्थळांना नेपथ्याविनाच अर्थ प्राप्त होतो.

ध्वनिशास्त्रीय प्रश्न

भूमिगत दगडी जागेत ध्वनीचे वर्तन नाट्यगृहापेक्षा भिन्न असते. नाट्यगृहातील पडदे, गाद्यांच्या खुर्च्या व लाकूड ध्वनीचा बराचसा भाग शोषून घेतात. दगड, वीट व गिलावा यांची शोषणक्षमता अत्यल्प असल्याने ध्वनी वारंवार परावर्तित होत राहतो. मूळ ध्वनी थांबल्यानंतरही काही काळ टिकणाऱ्या या परिणामाला निनाद म्हणतात. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने कमी होण्यास लागणारा वेळ हे त्याचे प्रमाण मानले जाते. जागेचे घनफळ वाढले की हा काळ वाढतो आणि शोषण वाढले की तो घटतो. लहान तळघराचे घनफळ कमी असल्यामुळे त्यातील निनाद मोठ्या चर्चइतका दीर्घ नसतो. परंतु परावर्तने फार लवकर व दाट येत असल्याने शब्दांतील व्यंजने पुसट होण्याचा धोका असतो.

स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी मूळ व परावर्तित ध्वनीमध्ये सुमारे ०.१ सेकंदाचे अंतर लागते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरल्यास परावर्तक पृष्ठभाग किमान १७.२ मीटर दूर असावा लागतो. अरुंद मार्गिकेच्या दोन भिंतींमध्ये असा प्रतिध्वनी निर्माण होत नाही, मात्र तिच्या लांबीच्या दिशेने होऊ शकतो. समांतर भिंतींमधून मागे-पुढे आपटणाऱ्या ध्वनीमुळे कंपयुक्त ‘फडफड’ही निर्माण होते. कमानदार छत ध्वनी काही ठरावीक जागी एकवटते. त्यामुळे एका आसनावर वाद्ये ठळक, तर शेजारच्या आसनावर गायन ठळक असे घडू शकते.

‘डायडो अँड इनीअस’च्या बाबतीत या प्रश्नाला एक विशेष पैलू आहे. दुसऱ्या अंकातील चेटकिणींचे समूहगीत व त्यानंतरचे नृत्य यांत पर्सेल यांनी प्रतिध्वनी स्वरलिपीतच लिहून ठेवला आहे. वाक्यखंडाचा शेवट हळू आवाजात पुन्हा गायला वा वाजवला जातो. गीताच्या शब्दांतही खोल, कमानदार गुहेचा निर्देश आहे. हा प्रतिध्वनी मुळात कोरड्या ध्वनीच्या सभागृहात गुहेचा भास निर्माण करण्यासाठी आहे. प्रत्यक्ष कमानदार भूमिगत जागेत लिखित प्रतिध्वनी व नैसर्गिक निनाद एकमेकांत मिसळून परिणाम धूसर होऊ शकतो. अशा वेळी प्रतिध्वनी गाणारा गट मार्गिकेच्या दुसऱ्या टोकास किंवा बाजूच्या कक्षात उभा करणे, गती किंचित कमी करणे आणि खंडांमध्ये पुरेसा विराम ठेवणे हे उपाय योजता येतात.

रिकाम्या दालनातील तालीम व भरलेल्या दालनातील प्रयोग यांत मोठा फरक पडतो, कारण प्रेक्षकांची शरीरे व कपडे हेच तेथील प्रमुख ध्वनिशोषक असतात. तालमीत ठरवलेली गती व आवाजाची पातळी प्रयोगाच्या वेळी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

गायक व वादकांपुढील अडचणी

प्रशिक्षित ऑपेरा-गायकाचा आवाज ध्वनिवर्धकाशिवाय मोठे सभागृह भरून टाकण्यासाठी घडवलेला असतो. सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास केंद्रित होणाऱ्या ऊर्जेमुळे तो वाद्यवृंदापलीकडे ऐकू जातो. दोन-तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्याला हाच आवाज असह्य वाटू शकतो. त्यामुळे आवाज केवळ कमी करून भागत नाही. स्वराचा आधार व शुद्धता टिकवून तो हळू करावा लागतो, आणि असे गायन पूर्ण आवाजातील गायनाइतकेच श्रमाचे असते. अभिनयाचीही पट्टी बदलते. दूरच्या प्रेक्षकांसाठी केलेले मोठे हावभाव जवळून कृत्रिम दिसतात. डोळ्यांची हालचाल व श्वास हेच अभिनयाचे साधन बनते.

भूमिगत जागा बहुधा थंड व दमट असते. बरोक काळाच्या पद्धतीने वादन करणारे वादक आतड्याच्या तारा वापरतात आणि त्या आर्द्रतेला संवेदनशील असतात. हार्पसिकॉर्डचे लाकूडही हवेनुसार फुगते वा आकसते व वाद्य बेसूर होते. म्हणून वाद्ये प्रयोगापूर्वी पुरेसा वेळ दालनात ठेवणे, प्रेक्षक आल्यानंतर स्वर पुन्हा जुळवणे आणि अंकांच्या दरम्यान त्यांची तपासणी करणे आवश्यक असते.

अरुंद जागेत वाद्यवृंदासाठी स्वतंत्र खळगा (पिट) नसतो. संचालक सर्व गायकांना दिसेलच असे नाही. त्यामुळे हार्पसिकॉर्डवादकाने वादन करतानाच संचालन करणे, किंवा गायक-वादकांनी चेंबर संगीताप्रमाणे परस्परांचे श्वास ऐकून एकत्र येणे, या पद्धती अवलंबल्या जातात. ही रीत सतराव्या शतकातील प्रथेच्याही अधिक जवळ आहे.

व्यवस्थापन व सुरक्षितता

भूमिगत रंगस्थळाची प्रेक्षकसंख्या बहुधा आसनांच्या जागेवरून नव्हे, तर बाहेर पडण्याच्या मार्गांवरून ठरते. एकच दार असलेल्या दालनात आग वा धूर झाल्यास सर्वांना ठरावीक वेळेत बाहेर काढता येईल इतकेच प्रेक्षक घेता येतात. त्यामुळे मेणबत्त्यांचे वातावरण कितीही साजेसे असले तरी उघड्या ज्योतीऐवजी बॅटरीवरील दिवे वापरणे सुरक्षित ठरते. बंदिस्त जागेतील वायुवीजन, असमान फरशी, कमी उंचीची दारे, स्वच्छतागृहांचे अंतर आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकांचा प्रवेश या बाबींचे नियोजन आधीच करावे लागते. ऐतिहासिक वास्तूत भिंतींना खिळे ठोकणे, रंग देणे किंवा जड उपकरणे टांगणे शक्य नसते. प्रकाशयोजना स्वतंत्र उभ्या खांबांवरच करावी लागते.

आर्थिक गणितही वेगळे असते. नेपथ्य व वाद्यवृंदाचा खर्च वाचतो, परंतु थोड्या आसनांमुळे तिकिटांचे एकूण उत्पन्नही मर्यादित राहते. एका सायंकाळी दोन प्रयोग करणे, देणगीदारांचे साहाय्य घेणे किंवा तिकिटाचा दर वाढवणे हे पर्याय उरतात. एक तासाची संगीतिका असल्याने पहिला पर्याय येथे शक्य होतो; तीन तासांच्या संगीतिकेला तो उपलब्ध नसतो.

अन्य संगीतिकांशी तुलना

सर्वच शोकान्त संगीतिका लहान जागेत तितक्याच सहजतेने बसत नाहीत. जाकोमो पुच्चीनी यांची ‘ला बोएम’ (इ.स. १८९६) ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली कृती आहे. लंडनच्या किल्बर्न भागातील एका पबच्या वरच्या मजल्यावरील कॉक टॅव्हर्न थिएटरमध्ये ‘ऑपेरा-अप-क्लोज’ या संस्थेने इ.स. २००९ मध्ये तिचा पियानोच्या साथीवरील प्रयोग सुरू केला. या निर्मितीला इ.स. २०११ चा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. तेथे गरीब कलावंतांच्या खोलीतील दारिद्र्य व आजारपण प्रेक्षकांच्या अगदी निकट आले. तथापि पुच्चीनी यांनी वाद्यवृंदातून साधलेली रंगछटा पियानोवर पूर्णपणे उतरत नाही. पर्सेल यांच्या कृतीत असे रूपांतर करावे लागत नाही. लहान जागेसाठी वाद्यवृंद कापावा लागणारी आणि लहान वाद्यवृंदासाठीच लिहिलेली, असा या दोन प्रकारच्या संगीतिकांतील मूलभूत भेद आहे.

आक्षेप व मतमतांतरे

भूमिगत व निकट सादरीकरणाविषयी प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप स्थळाच्या प्रभावाविषयी आहे. दफनदालनाचे गूढ वातावरण इतके प्रबळ असते की प्रेक्षक संगीताऐवजी स्थळाचाच अनुभव घेऊन परततो. शिवाय पहिल्या अंकातील दरबाराचा उल्हास व मृगयेतील मोकळेपणा अशा जागेत हरवतो आणि शेवट आरंभीच उघड होतो. समर्थकांच्या मते राणीची पहिली ओळच विषादाची असल्याने मृत्यूची छाया संगीतात सुरुवातीपासून आहे. स्थळ ती केवळ दृश्यमान करते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. दफनकक्षांत खऱ्या व्यक्तींचे अवशेष असतात. तेथे तिकीट लावून मनोरंजन करणे कितपत उचित, असा प्रश्न विचारला जातो. दुसऱ्या बाजूने असे सांगितले जाते की एकोणिसाव्या शतकातील उद्यानसदृश दफनभूमी लोकांनी फिरावे, बसावे व स्मरण करावे यासाठीच आखल्या गेल्या होत्या, आणि जुन्या दफनभूमींच्या जतनासाठी लोकांचा वावर व निधी दोन्ही आवश्यक आहेत. दफनकक्षांना स्पर्श न करणे, त्यांच्यावर प्रकाशाचा वा नेपथ्याचा खेळ न करणे आणि प्रयोगाचा विषय स्थळाच्या गांभीर्याला साजेसा निवडणे या मर्यादा अशा वेळी महत्त्वाच्या ठरतात.

तिसरा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. ऑपेरा सर्वसामान्यांजवळ नेण्याच्या हेतूने निघालेला उपक्रम मोजक्या आसनांमुळे अधिकच विशिष्टांपुरता मर्यादित होतो, असे टीकाकार म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्थेच्या तिकीटधोरणावर अवलंबून राहते. कमी खर्चात, शाळांमध्ये व हौशी संस्थांमध्येही होऊ शकणारी संगीतिका म्हणून ‘डायडो अँड इनीअस’ला या वादात विशेष स्थान आहे. तिचा पहिला ज्ञात प्रयोग शाळेत झाला होता आणि आजही अनेक संगीतविद्यालयांतील विद्यार्थ्यांची पहिली संगीतिका हीच असते.

महत्त्व

‘डायडो अँड इनीअस’ ही संपूर्ण गायलेली अशी पर्सेल यांची एकमेव संगीतिका असून इंग्लिश भाषेतील आरंभीच्या संगीतिकांत ती सर्वाधिक सादर होणारी कृती आहे. लघुमंचीय व भूमिगत प्रयोगांमुळे तिच्या अभ्यासात रंगस्थळाचा प्रश्न केंद्रस्थानी आला. किती गायक, किती वाद्ये, श्रोता किती दूर आणि भिंती कशाच्या, या बाबी सादरीकरणाच्या तपशिलापुरत्या न राहता कृतीच्या अर्थाशी निगडित असल्याचे या प्रयोगांतून दिसून येते. विलापाच्या अखेरीस राणी आपले स्मरण ठेवण्याची, पण आपली दैवगती विसरण्याची विनवणी करते. ही विनवणी मोठ्या सभागृहात सर्वांना उद्देशून असते, तर निकटच्या जागेत ती समोर बसलेल्या एकेका श्रोत्याला केलेली ठरते.